गॅलापागोसला जाऊन आले: ज्वालामुखीची बेटं, तिथले जीव आणि आपला पाऊस

भूगोलाच्या_बाई (लातूर)

गेल्या जूनमध्ये लेक-जावयासोबत गॅलापागोसला जाऊन आले. इक्वेडोरच्या किनाऱ्यापासून पश्चिमेला साधारण हजार किलोमीटर, भर पॅसिफिकमध्ये, विषुववृत्ताच्या दोन्ही अंगांना ही बेटं पसरली आहेत. नोकरी असेपर्यंत नकाशावर बोट ठेवून मुलांना दाखवली होती. फोटो नंतर टाकते. आधी हे लिहिते, कारण तिथं पाहिलेल्या गोष्टींचा लातूर-बीड-धाराशिवच्या पावसाशी संबंध आहे आणि तो आपल्यापैकी प्रत्येकाला माहीत असायला हवा असं मला मनापासून वाटतं.

इक्वेडोरची राजधानी कीटोहून विमानानं बाल्ट्रा बेटावर उतरलो. विमानात बसण्याआधीच सामान तपासतात. बी-बियाणं, ताजी फळं, माती यांतलं काही बेटावर नेता येत नाही. राष्ट्रीय उद्यानाचं शुल्क परदेशी प्रौढाला २०० डॉलर (ऑगस्ट २०२४ पर्यंत ते १०० होतं), शिवाय प्रवेशपत्राचे २० डॉलर. एकूण जमिनीपैकी ९७ टक्के राष्ट्रीय उद्यान आहे. उरलेल्या तुकड्यांत गावं आणि शेती.

आम्ही सोळा प्रवाशांची छोटी बोट घेतली आणि पश्चिमेकडची फेरी निवडली, कारण फर्नांदिना बेट बघायचं होतं. तिथला ला कुंब्रे ज्वालामुखी जागता आहे, २०२४ च्या मार्चमध्ये त्याचा उद्रेक झाला. आणि या बेटावर बाहेरून आलेला एकही सस्तन प्राणी नाही. उंदीर नाही, मांजर नाही, शेळी नाही. एवढ्या मोठ्या बेटाबद्दल असं म्हणता यावं, ही फार दुर्मीळ गोष्ट आहे.

पुंता एस्पिनोझा या टोकावर उतरलो. काळ्या लाव्हावर शेकडो सागरी इग्वाना एकमेकांच्या अंगावर रेलून ऊन खात पडलेले. त्यांचा रंग असा की वाटाड्यानं थांबवलं नसतं तर पाय कुठं टाकायचा ते कळलं नसतं. हा जगातला एकमेव सरडा जो समुद्रात बुडी मारून शेवाळ खातो. पोटात गेलेलं जादा मीठ नाकातून फुरफुरत बाहेर टाकतो, त्यानं सगळ्यांच्या डोक्यावर पांढरी पुटं चढलेली. पाणी थंड, त्यामुळं बुडी मारून आला की बराच वेळ त्याला दगडावर तापत बसावं लागतं.

त्यांच्याच शेजारी न उडणारे पाणकावळे. आपल्या मांजरा धरणावर पाणकावळे पंख पसरून वाळवत बसतात, अगदी तीच बैठक. पण या पाणकावळ्याचे पंख आखूड, पिसं विरळ. जमिनीवर शत्रू नाही आणि अन्न पाण्याखाली, तेव्हा हजारो पिढ्यांत उडणंच सुटलं. शेजारच्या इसाबेला बेटावर तागुस कोव्हला पेंग्विन पाहिले. विषुववृत्तावर पेंग्विन! वर्गात हे वाक्य किती वेळा म्हटलं असेल, पण ते पोहत बोटीजवळून गेले तेव्हा मी काही क्षण बोललेच नाही.

आता मुख्य गोष्ट. विषुववृत्तावर पेंग्विन राहू शकतो तो थंड पाण्यामुळं. पॅसिफिकच्या पोटातून पश्चिमेकडून पूर्वेकडं एक थंड प्रवाह वाहतो. तो फर्नांदिना आणि इसाबेला बेटांना धडकून वर येतो आणि खालची पोषणद्रव्यं वर आणतो. दक्षिणेकडून हम्बोल्ट प्रवाहाचं थंड पाणी येतं. व्यापारी वारे वरचं ऊबदार पाणी इंडोनेशियाकडं ढकलत राहतात, म्हणून खालचं थंड पाणी वर यायला वाव मिळतो. शेवाळ, मासळी, पेंग्विन, इग्वाना सगळे याच पाण्यावर जगतात.

एल निनोच्या वर्षी हे वारे मंदावतात. ऊबदार पाणी पूर्वेकडं परत सरकतं, त्याचा जाड थर बेटांभोवती बसतो आणि खालचं थंड पाणी वर येत नाही. इग्वानाला पचणारं शेवाळ मरतं, न पचणारं तपकिरी शेवाळ त्याची जागा घेतं. पोट भरलेलं असतं तरी इग्वाना उपाशी मरतात. १९८२-८३ च्या एल निनोत पेंग्विनांची संख्या सुमारे ७७ टक्क्यांनी घटली, १९९७-९८ मध्ये सुमारे ६५ टक्क्यांनी. आणि इग्वानांची जी गोष्ट वाटाड्यानं सांगितली, ती मी घरी येऊन पुन्हा वाचून खात्री केली: उपासमारीत त्यांची लांबी कमी होते, काहींची तर २० टक्क्यांपर्यंत. नुसतं वजन नाही, हाडांसकट शरीर आखडतं. सुकाळ आला की ते पुन्हा वाढतात. २००० साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला.

तिकडचं पाणी तापतं तेव्हा इकडं पावसाचे ढग घेऊन येणाऱ्या वाऱ्यांचं चक्रही बिघडतं. १९७२ चा दुष्काळ आठवा. १९८२ ला देशात सरासरीच्या ८५ टक्केच पाऊस झाला. २०१५ ला देशभर १४ टक्के तूट होती, मराठवाड्यात त्याहून फार मोठी. त्याच दुष्काळात १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून ५ लाख लिटर पाणी घेऊन रेल्वे लातूरला आली. ही सगळी एल निनोची वर्षं. मी इतकी वर्षं दोन्ही धडे शिकवले, पण वेगवेगळ्या प्रकरणांत. त्या लाव्हावर उभं राहिल्यावर ते एकाच पाण्याचे दोन काठ दिसले.

विचारा काय विचारायचं ते.

कोरडवाहू (केज)

बाई, लई मनापासून वाचलं. सरड्याची हाडं आखडत्यात हे तर आयुष्यात पहिल्यांदाच ऐकलं. पण एक बोलतो, राग मानू नका. समदं समुद्रावर ढकलून चालायचं नाही. पंधरा सालचा पाऊस एल निनोनं खाल्ला, मान्य. पण त्याच्या आधी धरणाखालचं पाणी कुणी खाल्लं? उसानं. आमच्याकडं बोअर पाचशे-सहाशे फुटांच्या खाली गेले ते काय एका वर्षात गेले नाहीत. इग्वानाच्या हातात काहीच नव्हतं. आपल्या हातात व्हतं.

भूगोलाच्या_बाई

राग कशाचा, तुम्ही बरोबरच बोललात. पाऊस किती पडेल हे समुद्र आणि वारा ठरवतात, पडलेल्याचं काय करायचं ते आपण ठरवतो. लातूरची रेल्वे नुसत्या कमी पावसानं आली नाही. मांजरा कोरडी पडली त्यात उसाचा वाटा मोठा आहे, हे मी वर लिहायला हवं तेवढ्या ठळकपणे इथं लिहिते.

मान्सूनवेडा (हिंगोली)

बाईंचा मुद्दा पटतो, पण त्यात एक भर घालतो, नाहीतर लोक एल निनो ऐकलं की पेरणीच थांबवतील. १९९७ चा एल निनो गेल्या शतकातल्या सगळ्यांत बलवान एल निनोंपैकी एक होता आणि त्या वर्षी देशात पाऊस सरासरीपेक्षा किंचित जास्तच झाला. उलट २००२ आणि २००९ चे एल निनो त्यामानानं साधे होते, पण तूट अनुक्रमे १९ आणि २२ टक्क्यांच्या घरात गेली. १९९७ ला हिंदी महासागराची पश्चिम बाजू तापलेली आणि पूर्व बाजू थंड होती. अशी स्थिती मान्सूनला आधार देते. ऊबदार पाणी पॅसिफिकच्या मध्यभागी आहे की पूर्व टोकाला, यानंही फरक पडतो. गॅलापागोसभोवती पाणी उकळतंय म्हणजे आपल्याकडं दुष्काळ पडणारच, असं सरळ गणित नाही. धोका वाढतो, एवढंच खात्रीनं म्हणता येतं.

काळा_पाषाण (छत्रपती संभाजीनगर)

मी कॉलेजात भूशास्त्र शिकवतो, त्यामुळं या धाग्यावर गप्प बसवत नाही. पाऊस बाजूला ठेवा, गॅलापागोसशी आपलं पायाखालचं नातं आहे. ती बेटं बेसाल्टची, आपला सगळा मराठवाडा बेसाल्टचा. तिथं भूपट्टाच्या (पृथ्वीच्या कवचाच्या सरकत्या तुकड्याच्या) खाली खोलवरून उष्ण द्रव्य वर येणारी एक जागा आहे, तिला तप्तबिंदू म्हणतात. पट्ट त्यावरून पूर्वेकडं सरकत राहतो, म्हणून एस्पान्योला, सान क्रिस्तोबाल ही पूर्वेची बेटं जुनी, झिजलेली. फर्नांदिना, इसाबेला ही पश्चिमेची कोवळी आणि जागती.

आपला दख्खनही अशाच एका तप्तबिंदूवर घडला, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी. पुढं भारताचा पट्ट उत्तरेकडं सरकला आणि तो तप्तबिंदू आज हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटाखाली आहे. तिथला पितों द ला फुर्नेझ ज्वालामुखी अजून वरचेवर उफाळतो. फरक असा की आपल्याकडं लाव्हा लांबच लांब भेगांतून आला, थरावर थर साचले आणि त्यातून आपल्या पायऱ्या-पायऱ्यांच्या डोंगररांगा झाल्या. विहीर खणणारे ज्याला मांजऱ्या खडक म्हणतात, तो लाव्हातल्या वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्यांत नंतर खनिजं भरून तयार झालेला. वेरूळचं कैलास लेणं म्हणजे वरून खाली कोरत नेलेला हाच थिजलेला लाव्हा.

बाई, सांतियागो बेटावरच्या सलिव्हन बे या खाडीला उतरलात का? तिथला पाहोहो लाव्हा पाहण्याची माझी फार इच्छा आहे.

भूगोलाच्या_बाई

उतरलो! एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी वाहिलेला लाव्हा, पण कालच थिजल्यासारखा दिसतो. पिळलेल्या दोरखंडांसारखा पृष्ठभाग, त्यावर उन्हाची चकाकी, आणि मैलभर हिरवं काही नाही. भेगांत कुठं एखादं छोटं निवडुंग. आपली काळी जमीन अशाच लाव्हातून सुरू झाली, मध्ये कोट्यवधी वर्षांचं ऊन-पाऊस गेलं, हे डोळ्यांना दिसतं. आणखी एक जागा तुम्हाला आवडेल: इसाबेलावरचा उर्बिना बे. १९५४ साली तिथला समुद्रतळ चार-पाच मीटरनं अचानक वर उचलला गेला. आज माणूस झुडपांतून चालत जातो आणि बाजूला वाळलेली प्रवाळं पडलेली दिसतात.

शेळीपालक_जालना

तुम्ही लिहिलं फर्नांदिनावर शेळी नाही. मी वाचलंय की बाकीच्या बेटांवर शेळ्या होत्या आणि त्या हेलिकॉप्टरमधून गोळ्या घालून मारल्या. लाखभर! खरं आहे का? माझं घर शेळ्यांवर चालतं. मुक्या जनावराला असं मारणं मला पचत नाही.

भूगोलाच्या_बाई

खरं आहे. १९९७ ते २००६ या काळात उत्तर इसाबेला आणि सांतियागो बेटांवरच्या सगळ्या शेळ्या संपवल्या. दीड लाखाच्या आसपास. शेवटच्या लपलेल्या शेळ्या सापडत नव्हत्या, तर गळ्यात रेडिओ-पट्टा बांधून शेळ्या सोडायचे. शेळी कळप शोधतेच, त्यामागून शिकारी जायचे. हे वाचताना मलाही त्रास झाला आणि तुम्हाला होतो त्यात काही वावगं नाही.

पण दुसरी बाजू सांगते. शेळ्या तिथल्या नव्हत्या, खलाशांनी आणि वसाहतवाल्यांनी सोडलेल्या. तेच खलाशी महाकाय कासवं जहाजात भरून न्यायचे. हे कासव अन्नपाण्यावाचून वर्षभर जिवंत राहतं, म्हणजे त्यांना ताजं मांस साठवून ठेवल्यासारखंच. अशी लाखाहून अधिक कासवं गेली. उरलेल्यांचा चारा शेळ्यांनी ओरबाडला. पिंता बेटावरचं शेवटचं कासव, लोनसम जॉर्ज, २४ जून २०१२ ला मेलं आणि त्याच्यासोबत ती जातच संपली. एस्पान्योलावर मात्र सगळी मिळून १४ कासवं सापडली होती. त्यांना प्रजनन केंद्रात आणलं, अमेरिकेतल्या सान दिएगो प्राणिसंग्रहालयातून दिएगो नावाचा नर परत आणला. बेटावरच्या शेळ्याही काढून टाकल्या, त्यामुळं सोडलेल्या पिल्लांना जागा मिळाली. आता तिथं हजारांवर कासवं आहेत आणि २०२० मध्ये दिएगोही स्वतःच्या बेटावर परतला.

मला विचाराल तर दुसरा मार्ग नव्हता. शेळी मोकाट सुटली तर काय करते हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता.

शेळीपालक_जालना

जाणतो. म्हणून तर आमच्याकडं चराईबंदीच्या डोंगरावर शेळी सोडत नाहीत, गवत लगेच वर येतं. पटलं तरी जीव तुटतो, एवढंच. चौदाची हजार झाली हे वाचून बरं वाटलं.

नाथसागर_पक्षी (पैठण)

बाई, अंतराच्या नियमाबद्दल लिहा ना. तिथं प्राणी माणसाला भीत नाहीत म्हणतात, मग लोक जवळ जात नाहीत का? विचारतोय ते कारणानं. आमच्याकडं जायकवाडीला हिवाळ्यात फ्लेमिंगो येतात, पट्टकदंब येतात. हल्ली फोटोसाठी होडी थेट थव्यात घालतात, उडतानाचा फोटो हवा म्हणून मुद्दाम उठवतात, वर ड्रोन. हजारो मैल उडून आलेला पक्षी, त्याला निवांत चरू तरी द्या. १९८६ पासून हे अभयारण्य आहे, पण पाण्यावर सांगायला कुणी नसतं.

भूगोलाच्या_बाई

तिथं दोन मीटरच्या आत जायचं नाही, हात लावायचा नाही, फ्लॅश नाही, खायला घालायचं नाही, दगड-शिंपला उचलायचा नाही. आणि हे नुसतं पाटीवर लिहिलेलं नाही. परवानाधारक वाटाड्याशिवाय उद्यानाच्या जागांवर पाऊल टाकता येत नाही, एका वाटाड्यामागे जास्तीत जास्त सोळा माणसं, आखलेल्या वाटेबाहेर जाता येत नाही, कुठली बोट कधी कुठं थांबेल हे उद्यान ठरवतं. जलसिंहाचं पिल्लू स्वतःहून माझ्या बुटाशी आलं तेव्हा मलाच मागं सरायला लावलं.

हे वाटाडे बहुतेक बेटांवरचेच रहिवासी. त्यांचं पोट त्या जिवांवर आहे, म्हणून ते कडक राहतात. पैठणच्या मच्छीमार पोरांना असं रीतसर शिक्षण आणि परवाना देऊन होड्या त्यांच्याच हाती दिल्या तर नाथसागरावर हे जमू शकेल. याबद्दल तुम्ही वेगळा धागा काढा, मी नक्की लिहीन.

सोनाली_नांदेड

थोडं व्यवहाराचं. आई-बाबांना घेऊन जायचा विचार आहे. दोघं शाकाहारी, आईला गाडीसुद्धा लागते. व्हिसा, लस वगैरे?

भूगोलाच्या_बाई

लस आधी. इक्वेडोर पिवळ्या तापाच्या देशांच्या यादीत आहे, त्यामुळं भारतात परत येताना लसीचा दाखला मागतात आणि नसेल तर विलगीकरणात ठेवू शकतात. ही लस अधिकृत केंद्रांवरच मिळते आणि दाखला दहा दिवसांनी लागू होतो. मुंबई-पुण्याची फेरी वेळेत करा. साठीच्या पुढच्यांना ही लस देण्याआधी डॉक्टरांचा सल्ला लागतोच, तो टाळू नका. व्हिसाचे नियम बदलत राहतात, दिल्लीतल्या दूतावासाला विचारूनच तिकीट काढा.

जेवणाची काळजी नको. भात, घेवड्याची उसळ (मेनेस्त्रा म्हणतात), तळलेली कच्ची केळी, मका, युका (ज्याचा साबुदाणा करतात तो कंद) सगळीकडं मिळतं. बोटीवर आधी कळवलं की वेगळं करतात. मी मेतकूट आणि चटणी बंद पाकिटात नेली होती, तपासणीत दाखवली, काही अडलं नाही.

समुद्र लागण्याचं मात्र गंभीरपणे घ्या. जून ते नोव्हेंबर पाणी थंड आणि खवळलेलं. बेटांदरम्यानच्या स्पीडबोटी दोन-दोन तास आपटत जातात. आईंसाठी डिसेंबर ते मे बरे: पाणी ऊबदार, समुद्र शांत, अधूनमधून पाऊस. बोटीवर राहण्याऐवजी सांता क्रूझ बेटावरच्या पुएर्तो अयोरा गावात मुक्काम करून जवळच्या जागा करा. खर्चही पुष्कळ कमी होतो. डोंगराकडच्या शेतांत मोकळी फिरणारी कासवं तिथून गाडीनं बघता येतात. फक्त फर्नांदिना त्यात होत नाही.

शिंपला (परभणी)

ज्यांना एवढं लांब आणि महाग जमणार नाही त्यांच्यासाठी: आपल्याच देशात बॅरन बेट आहे. अंदमानात, पोर्ट ब्लेअरपासून (आता श्री विजयपुरम) ईशान्येला सुमारे १४० किलोमीटर. भारतातला एकमेव जागता ज्वालामुखी. दीर्घ झोपेनंतर १९९१ ला उठला, नंतर अधूनमधून उफाळतोय, सप्टेंबर २०२५ मध्येही छोटे उद्रेक झाले. बेटावर वस्ती नाही आणि पर्यटकांना उतरू देत नाहीत, बोटीतूनच बघायचं. पण पाण्याखाली जे आहे ते जन्मात विसरणार नाही. स्वराजद्वीपहून (आधीचं हॅवलॉक बेट) डायव्हिंगच्या बोटी हवामान बघून जातात. काळ्या लाव्हाच्या कड्यांवर प्रवाळ वाढलेलं, पाणी स्वच्छ, नशीब असेल तर मांटा रे हा मोठा चपटा मासा. आणि हो, तिथंही मोकाट शेळ्या आहेत, जहाजांनीच कधीकाळी सोडलेल्या.

अंदमानच्या मुख्य बेटांवर आपल्याला परवाना लागत नाही. डायव्हिंगचं प्रशिक्षण आधी पूर्ण करा, खुल्या समुद्रातली जागा आहे, शिकाऊ माणसासाठी नाही.

काळा_पाषाण

बॅरनची सूचना उत्तम. फक्त तो तप्तबिंदूचा ज्वालामुखी नाही, तिथं भारतीय पट्ट दुसऱ्या पट्टाखाली जातोय. सुमात्रा-जावाच्या ज्वालामुखींच्या रांगेतलाच तो उत्तरेकडचा मणी. विद्यार्थ्यांना घेऊन जाण्यासारखी जागा, निदान बोटीतून दाखवायला.

कोरडवाहू

बाई, शेवटचा प्रश्न. मला काय विमानानं जाणं व्हायचं नाही. पण ते पाणी तापू लागलं की नाही हे इथं बसून कसं कळावं? पेरणीच्या आधी कळलं तर लई उपयोग हाय.

भूगोलाच्या_बाई

कळतं. भारतीय हवामान विभाग एप्रिलमध्ये पहिला मान्सून अंदाज देतो आणि मेअखेरीस सुधारित. दोन्हींत पॅसिफिकची स्थिती आणि पुढच्या महिन्यांत एल निनोची शक्यता लिहिलेली असते, हिंदी महासागराचीही. बातम्यांत फक्त टक्केवारी छापतात, म्हणून मूळ पत्रक वाचायचं. वसंतातला अंदाज थोडा कच्चा असतो, मेअखेरचा जास्त भरवशाचा. शक्यता जास्त दिसली तर सगळं रान सोयाबीनला न देता तुरीचं आंतरपीक ठेवायचं की काय, हे तुमच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारून ठरवा. पत्रक आलं की दरवर्षी याच धाग्यावर त्यातला पॅसिफिकचा भाग सोप्या मराठीत टाकत जाईन. मान्सूनवेडा, तुम्ही हिंदी महासागराचा टाका.

मान्सूनवेडा

टाकतो बाई. एप्रिलपासून सुरू करू.